ऑर्व्हिलचे मेलेले पत्ते

रोरी हार्किनला शाळेतनं कुणी काढलं नव्हतं. तो स्वतः उठून आला होता. हा फरक तो ज्याला त्याला सांगायचा, आणि कुणी विचारलेलं नसायचं. गणिताच्या मास्तरांनी पेपरात दोन मार्क चुकीचे कापले. रोरीनं वर्गात उभं राहून ते सिद्ध केलं. मास्तरांनी मान्य केलं, मार्कही दिले. तरी रोरी दप्तर उचलून बाहेर पडला, कारण मास्तर ‘सॉरी’ म्हणाले नाहीत. दोन मार्क कमावून अख्खी शाळा घालवणारा ब्यूट गावातला हा पहिलाच, असं त्याची आई शेजारणींना सांगायची. येताना त्यानं शाळेच्या कपाटाचं पितळी कुलूप तेवढं खिशात घालून आणलं. ते कुलूप परत द्या म्हणून शाळेतनं दोनदा फोन आला. पोराला परत पाठवा म्हणून एकदाही नाही.

टायरच्या दुकानातनं मात्र त्याला रीतसर काढलं. गिऱ्हाइकासमोर तो मालकाला ‘खोटारडा’ म्हणाला. मालक खोटारडा होताच, पण गिऱ्हाईक मालकाचा मेव्हणा निघाला.

मग अठरा पुरी झाल्यावर साहेब ‘टिन बकेट’ कॅसिनोत बसायला लागले. पुढं जुगाराची मशिनं, मग बार, आणि पार मागं स्वयंपाकघराच्या दाराशी पोकरचं एकच टेबल. सकाळचा खेळ. दोन डॉलरची बोली, फार तर चारची. इथं कुणी श्रीमंत होत नाही आणि कुणाचं घरदारही जात नाही. फार तर घरी गेल्यावर बायको विचारते, “आज कॉफीचे तरी सुटले का?” प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे. ज्याचा मेळ भारी त्यानं मधली बोलीची रास ओढायची. संपला खेळ.

टेबलावरची माणसंही ठरलेली. मिल्काबाई पोपोविच, चर्चमधल्या जेवणावळींची राणी, बोटं संधिवातानं झाडाच्या मुळ्यांसारखी वाकडी. आर्वो लाहती, निवृत्त बस ड्रायव्हर. हसला की नुसती मिशी हलायची, आवाज यायचा नाही. आणि लीरी जुळे. हे दोघं बोलायचेच नाहीत. एकानं पत्ते टाकले की दुसराही टाकायचा. आपापसात भांडण झालं असेल म्हणावं, तर घरी एकाच गाडीनं जायचे.

पत्ते वाटायला ऑर्व्हिल किटो. आर्वोची मिशी काळी होती तेव्हापासून डीलरच्या खुर्चीत तोच. म्हातारा चुकायचा. कधी एखादा पत्ता उताणा पडायचा, कधी एकाकडे तीन जायचे, कधी जिंकलेली रास भलत्याच्याच पुढ्यात सरकायची. टेबलावर कुणी आवाज चढवायचं नाही. मिल्काबाई खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, “आज हवामान आहे जरा.” की झालं. चूक सुधारता येण्यासारखी असली तर सुधारायची. नसली, तर ज्याच्या पदरात फुकटचं पडलं त्यानं त्यातल्या एक-दोन चिपा, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, कॉफीच्या एका जुन्या डब्यात टाकायच्या. शनिवारी त्या डब्यातनं सगळ्यांना पास्ट्या. पास्टी म्हणजे करंजीची थोरली बहीण, आत मांस-बटाटा, आणि एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत माणूस वाकत नाही.

रोरीला त्या डब्याचा भयंकर राग. “हा काय न्याय झाला? चूक झाली की खा पास्टी?”

“मग काय करायचं?” आर्वो विचारायचा.

“नियम आहेत ना! भिंतीवर लावलेत. वाचा.”

“भिंत लांब आहे रे.”

मग रोरी ओरडायचा, “फ्लोअर!” असं ओरडलं की निवाडा द्यायला बेव्ह यायची. बेव्ह म्हणजे पोकरच्या टेबलाची मुख्य, आणि रोरीच्या आईची शाळेपासूनची मैत्रीण. घरी तो तिला बेव्हमावशी म्हणायचा. इथं म्हणलेलं तिला चालायचं नाही. इथं ती कॉफीचा कप घेऊन यायची, रोरीचं ऐकायची, भिंतीकडं बघायची आणि म्हणायची, “पोरगं बरोबर बोलतंय. दुर्दैवानं.”

खरंच बरोबर असायचं, हीच तर सगळी पंचाईत. रोरीची नजर घारीची. कुणाची चिप रेषेच्या अलीकडं राहिली, कुणी पाळी सोडून पत्ते टाकले, सगळं दिसायचं त्याला. एकदा मिल्काबाई आपल्या पत्त्यांवर अंगुस्तान ठेवायला विसरल्या. इथं जो तो आपल्या पत्त्यांवर काहीतरी वजन ठेवतो, डीलरचा हात चुकून फिरला तर पत्ते वाचावेत म्हणून. मिल्काबाईंचं शिवणाचं अंगुस्तान, आर्वोचं बसच्या घंटीचं बटण, रोरीचं ते शाळेचं कुलूप. तर अंगुस्तान राहिलं, आणि रोरीनं बाईंना केवढं भाषण दिलं! “आपले पत्ते आपण राखायचे. नाही राखले आणि डीलरनं ओढले, तर मेले. रडायचं नाही मग!”

“मी सत्याहत्तर वर्षांची आहे, बाळा,” मिल्काबाई म्हणाल्या. “मी काय काय राखत बसू?”

पण कळस झाला तो आर्वोच्या नव्व्यांवर. आर्वोपाशी तीन नव्वे झालेले, आणि ऑर्व्हिलनं मधला चौथा पत्ता उघडला. नव्वा! एक सेकंद आर्वोची मिशी वर गेली ती तिथंच राहिली. चार नव्वे. जन्मात पहिल्यांदा.

“फ्लोअर!”

धाकट्या लीरीची बोली अजून व्हायची होती. पत्ता वेळेआधी उघडला गेला होता. नियमानं तो नव्वा बाजूला गेला, त्याच्या जागी चौकटची तिर्री आली, आणि नव्वा परत गड्डीत पिसला गेला तो वर आलाच नाही. आर्वो हरला.

आर्वोनं रोरीकडं बघितलं. “लेका, तू तर ह्या डावात पण नव्हतास.”

“त्याचा काय संबंध? नियम तो नियम.” आणि मग, आपण बरोबर असून सगळे आपल्याकडं असं का बघतायत म्हणून रोरीचं डोकं सटकलं, आणि तो ऑर्व्हिलवर खेकसला, “धाकट्यापुढं पत्ते आहेत अजून! दिसत नाही का तुम्हाला?”

ऑर्व्हिल हळूच म्हणाला, “खरं सांगू का? नाही दिसत.”

तो डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेला तेव्हा कळलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. रोरी आठवडाभर जरा शरमला, आणि मग जरा फुशारलाही. आपण ओरडलो म्हणून एका माणसाचा मोतीबिंदू सापडला, म्हणजे एका अर्थी आपण वैद्यच. आईला त्यानं हे बोलून दाखवलं. आई म्हणाली, “हो, आता मूळव्याधीसाठी कुणावर ओरडतोस बघ.”

ऑर्व्हिल रजेवर गेला, आणि बेव्हनं रोरीला बोलावलं.

“तुला सगळ्या चुका दिसतात ना? बस मग खुर्चीत.”

“मी? डीलर?”

“परवाना काढून देते. महिनाभर घरी सराव कर. मग एक शनिवार देते तुला. नऊ ते दोन. दोन वाजता टेबल भरलेलं असलं, तर पुढचे सगळे शनिवार तुझे. चारच्या खाली माणसं गेली की टेबल मोडलं, आणि मग तू पण सुटलास. ब्यूटमध्ये आता तुला न ओळखणारा एकच मालक उरलाय, आणि त्याचं प्रेतं न्यायचं काम आहे.”

रोरीला ती खुर्ची हवी होती. केवढी हवी होती, ते त्यानं कुणालाही सांगितलं नसतं. महिनाभर तो जेवणाच्या टेबलावर आईला, बहिणीला आणि मिठाच्या बरणीला पत्ते वाटत बसला. ऑर्व्हिलला फोन करून एकदा विचारलंही, “काही सांगाल का? मुद्द्याचं.”

ऑर्व्हिलनं खूप विचार केला. “खिशात रुमाल ठेव. वाटताना नाक वाहतं आणि दोन्ही हात गुंतलेले असतात.”

‘एवढ्या वर्षांत हे शिकला!’ रोरी मनात म्हणाला. रुमाल काही ठेवला नाही.

शनिवार उजाडला तो हाडं गोठवणारा. टेकडीवरचे खाणींचे लोखंडी सांगाडे धुक्यात बुडालेले. रोरी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून नऊच्या आधीच खुर्चीत. मिल्काबाई आल्या, आर्वो आला, लीरी जुळे आले. वाटेत थांबलेला एक ट्रकवाला येऊन बसला. आणि सगळ्यांत शेवटी, मोतीबिंदू काढलेल्या एका डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवलेला ऑर्व्हिल.

“आज मी गिऱ्हाईक,” म्हणत तो अगदी रोरीला लागून डावीकडच्या पहिल्या खुर्चीत बसला. “सवय आहे रे इकडंच बसायची. जेवढं जवळ बसता येईल तेवढं बसलो.”

सहा जण. चारच्या वर दोन. रोरी मनात म्हणाला, आता बघाच, खेळ कसा चालतो ते.

आणि चालवला त्यानं. अगदी भिंतीवरनं उतरवून चालवला. ट्रकवाल्याचा फोन वाजला, रोरी म्हणाला, “फोन टेबलापासून लांब.” ट्रकवाला म्हणाला, “बायकोचा आहे.” रोरी म्हणाला, “नियमात बायको नाही.” ट्रकवाल्यानं चिपा गोळा केल्या. “माझ्या घरी पण असलाच एक आहे,” म्हणाला आणि निघून गेला.

पाच.

लीरी जुळ्यांची सवय अशी, की थोरल्यानं पत्ते टाकले की धाकटा पाळी यायच्या आधीच आपलेही टाकणार. रोरी म्हणाला, “पाळी सोडून टाकायचे नाहीत.” दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पुढच्या डावाला परत तेच. रोरी म्हणाला, “दुसऱ्यांदा सांगतोय.” जुळे उठले, आणि भिंतीवरच्या खुंटीचे कोट काढून अंगात घालून परत बसले. नुसते कोट. पण कोट घातलेला लीरी म्हणजे अर्धा घरी पोचलेला लीरी, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. हे दोघं उठले की उरले तीन, आणि टेबल मोडलं.

रोरी घाबरला. आणि घाबरला की माणसानं जे करू नये तेच तो नेहमी करायचा. जास्त कडक झाला.

“मिल्काबाई, एका हालचालीत.”

“काय?”

“चिपा. एक टाकली, मग थांबून दुसरी, असं नाही चालत. सगळ्या एकदम पुढं सरकवायच्या.”

मिल्काबाईंनी आपली वाकडी बोटं त्याच्यासमोर धरली. “ह्यांना सांग. माझं तर ऐकत नाहीत.”

“बरं,” रोरी म्हणाला, “पण प्रयत्न करा.” हे वाक्य आठवलं की पुढं कित्येक दिवस तो उशीत तोंड खुपसायचा.

मग आला तो डाव. मध्ये चार पत्ते उघडलेले, त्यांतले तीन इस्पिकचे. आर्वो चारची बोली वाढवत होता, मिशी हलत नव्हती, म्हणजे काहीतरी होतं. ऑर्व्हिल दर वेळी चिपा पुढं सरकवत होता. त्याचे दोन पत्ते पुढ्यात पडलेले, वर काही नाही. एवढी वर्षं डीलरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला पत्ते राखायची सवय कुठनं असणार? डीलर दुसऱ्यांचे राखतो. रास चांगली टेकाडाएवढी झालेली. पाळी मिल्काबाईंची आली. बाईंनी एक चिप टाकली. थांबल्या. दुसरी बोटात अडकली.

रोरी सगळाच्या सगळा उजवीकडं वळला. “मिल्काबाई! आत्ताच सांगितलं ना, एका हालचाली—”

त्याच वेळी डावीकडनं थोरल्या लीरीनं पत्ते टाकले. धाकट्यानं आधीच टाकलेले, म्हणून पाळी नसताना. रोरीचा डावा हात आपोआप गेला, महिनाभर मिठाच्या बरणीसमोर घोटवलेला, सफाईदार, झर्रकन. तोंड उजवीकडं, हात डावीकडं. हातानं लीरीचे पत्ते ओढले, आणि वाटेत जे काही लागलं तेही ओढलं, आणि सगळं टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात नेऊन मिसळलं. वर छान थोपटलंसुद्धा.

ऑर्व्हिलचा हात हिरव्या कापडावर फिरत होता. जिकडं वाटी लावलेली, त्याच बाजूला. चाचपत चाचपत पुढं गेला, मागं आला. रात्री उठून चष्मा शोधतात तसा.

“माझे पत्ते इथंच होते ना?” ऑर्व्हिल म्हणाला.

रोरीनं ढिगाकडं बघितलं. सात-आठ पत्ते, सगळे पालथे, सगळे सारखे. घारीची नजर! अख्ख्या टेबलावर जगातल्या सगळ्या चुका दिसणाऱ्या माणसाला स्वतःचाच डावा हात दिसला नव्हता.

“कुठले होते?” त्यानं ढिगाला हात घातला. “सांगा, मी शोधून काढतो.”

“ढिगातनं काही निघत नाही,” ऑर्व्हिल शांतपणे म्हणाला. “मेले ते. राखले नाहीत मी.”

मिल्काबाईंनी आपल्या अंगुस्तानाकडं बघितलं, मग रोरीकडं. रोरीला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

“फ्लोअर!” रोरी ओरडला.

बेव्ह कप घेऊन आली. “कुणाची तक्रार?”

“माझी.”

“कुणाविरुद्ध?”

“डीलरविरुद्ध.”

बेव्हनं सगळीकडं नीट बघितलं. “डीलर तू आहेस.”

“म्हणूनच तर! ह्या गाढवानं ऑर्व्हिलचे पत्ते ओढले. डाव रद्द करा. ज्याच्या त्याच्या चिपा ज्याला त्याला परत द्या.”

“पत्त्यांवर काही ठेवलं होतं?”

“नव्हतं, पण त्यांना एका बाजूचं दिसत नाही, आणि मी बघत नव्हतो, मी तिकडं—” रोरीनं मिल्काबाईंकडं हात केला आणि परत घेतला. “हा काय न्याय झाला? चूक माझी आणि मार त्यांना?”

“भिंतीवर काय लिहिलंय?”

“भिंत गेली खड्ड्यात!”

आर्वोची मिशी एकदाची हलली. “अरे वा,” तो म्हणाला, “भिंत गेली खड्ड्यात. माझा नव्वा असताना कुठं होता हा पोरगा?”

“पत्ते मेले,” बेव्ह म्हणाली. “डाव पुढं. बोली आर्वो आणि मिल्काची. आणि डीलर परत माझ्या टेबलावर ओरडला, तर डीलरला बाहेर काढीन.”

रोरीनं पाचवा पत्ता उघडला. रास आर्वोनं जिंकली. रोरीनं ती त्याच्यापुढं सरकवली, त्यात ऑर्व्हिलच्याही चिपा होत्या, आणि त्याला एकेक ओळखू येत होती. आर्वोनं दोन चिपा उचलून डब्यात टाकल्या. टणटण वाजल्या. तो आवाज रोरीला सहन होईना. त्यानं शर्टाच्या खिशातल्या सकाळपासूनच्या बक्षिसीच्या सगळ्या चिपा काढल्या. सगळ्या म्हणजे तीन. असल्या डीलरला कोण देणार? त्या ऑर्व्हिलपुढं ठेवायला गेला.

“नाही घेता येत,” ऑर्व्हिल म्हणाला. “डीलरकडनं खेळणाऱ्यानं काही घ्यायचं नाही. भिंतीवर आहे.”

“मग मी चाललो.” रोरी उठून उभा राहिला. नाक वाहत होतं, थंडीनं म्हणा हवं तर. रुमाल नव्हता. इस्त्रीच्या बाहीला पुसलं. “मला नाही जमत हे. तुम्ही दुसरा बघा.”

दार दिसत होतं. उठून जाणं ही एकच गोष्ट त्याला पहिल्यापासून उत्तम जमायची. शाळेतनं गेला, मामाच्या लग्नातनं गेला, एकदा तर केस अर्धे कापलेले असताना न्हाव्याच्या खुर्चीतनं गेला.

“बस खाली,” मिल्काबाई म्हणाल्या.

“मी चुकलो, मिल्काबाई!”

“ऐकलं. बहिरी नाही मी. बस खाली. तू उठलास तर टेबल मोडतं, आणि मला दोनपर्यंत घरी जायचं नाही. घरी सून आलीये.”

“एवढ्यात हात टेकलेस?” ऑर्व्हिल रोरीला म्हणाला. “मी पहिल्याच दिवशी रास चुकून बारवाल्याकडं सरकवली होती. तो खेळतपण नव्हता, ग्लास न्यायला आला होता. वाट पत्ते.”

रोरी उभाच. लीरी जुळे कोट घालून त्याच्याकडं बघत होते. रोरीला वाटलं, आता हे उठणार. उठले की सगळंच संपलं, मग आपण उठलो काय न उठलो काय.

थोरल्या लीरीनं घसा साफ केला. सगळे दचकले. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला.

“वाट.”

धाकट्यानं मान हलवली. “वाट,” तोही म्हणाला.

रोरी खाली बसला. गड्डी पिसली. पण वाटायच्या आधी पँटच्या खिशात हात घातला, ते जड पितळी कुलूप काढलं, आणि ऑर्व्हिलपुढं ठेवलं.

“हे काय?”

“पत्त्यांवर ठेवा. खेळणाऱ्याची चीज आहे, डीलरला काय उपयोग? आणि द्यायला थोडीच देतोय, वापरायला देतोय. भिंतीवर बघून घ्या हवं तर.”

ऑर्व्हिलनं कुलूप उघड्या डोळ्यापाशी नेऊन फिरवून बघितलं. “ह्याच्यावर शाळेचं नाव आहे.”

“चोरीचं आहे. वाटू का?”

त्यानं वाटायला घेतलं, आणि दुसराच पत्ता मिल्काबाईंच्या चहाच्या कपाला आपटून उताणा पडला. बदामचा एक्का. सगळ्या टेबलानं बघितला. रोरीच्या तोंडून आपसूक निघालं, “फ्—” आणि त्यानं जीभ चावली.

मिल्काबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. “हवामान आहे जरा,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मग हवामान भरपूर झालं. एकदा धाकट्या लीरीकडं तीन पत्ते गेले. एकदा तर रोरीनं ऑर्व्हिललाच विचारलं, “पाळी कुणाची?” आणि ऑर्व्हिल म्हणाला, “मला काय विचारतोस, मला दिसतंय का?” मिल्काबाई एक चिप टाकायच्या, थांबायच्या, दुसरी टाकायच्या. रोरी हात मांडीवर ठेवून थांबायचा. नियम मोडला नव्हता कुणी, नीट बघितलं तर. बाईंनी ‘चार’ असं तोंडानं आधी सांगितलं, की मग चिपा कितीदा टाकल्या तरी चालतात, हे भिंतीवरच सातव्या ओळीत होतं. रोरीनं तिथंपर्यंत कधी वाचलंच नव्हतं. त्यानं हे बाईंना हळूच सांगितलं, आणि बाई दर वेळी खाणीचा भोंगा वाजवल्यासारखं “चाऽऽर!” ओरडायला लागल्या.

मधेच त्यानं आवाज खाली घेऊन ऑर्व्हिलला विचारलं, “काय होते हो ते? पत्ते?”

“कुठले?”

“मी मारले ते.”

ऑर्व्हिल हसला. “भारी होते असं सांगितलं तर तू महिनाभर झोपायचा नाहीस. फालतू होते असं सांगितलं तर आत्ता लगेच हसशील. दोन्ही नकोत.”

“सांगा ना पण.”

“बोली लाव म्हणावं आर्वोला.”

दुपार झाली. बेव्हनं डब्याचं झाकण उघडलं. “रोरी, डबा आज फुटायला आलाय, कोण जाणे का. जा, सगळ्यांना पास्ट्या घेऊन ये. चिपा कापडावर आहेत तोवर टेबल मोडलं असं धरायचं नाही.”

रोरी कोट न घालताच पळत सुटला. चढावरनं घसरला, उठला. दुकानात रांग. रांगेत उभं राहून त्याला एकच दिसत होतं, आपण परत जातोय आणि टेबलावर तीन म्हातारी माणसं आणि दोन रिकाम्या खुर्च्या. आणि खरं सांगायचं, तर त्यात जुळ्यांचा दोष नसता. तो स्वतः तिथं खेळत असता, तर दहाच्या आधीच उठून गेला असता, आणि जाताना ओरडून गेला असता.

धापा टाकत तो मागच्या दारानं आत आला. स्वयंपाकघरातनंच बघितलं.

दोन कोट खुंटीला लटकत होते.

पाचही जण जागच्या जागी. आर्वो काहीतरी सांगत होता, आणि धाकटा लीरी हसत होता, आवाज करून. वरच्या घड्याळात दोन वाजून गेलेले. बेव्हनं घड्याळाकडं बोट केलं, रोरीकडं बघितलं, आणि कॉफी प्यायला लागली. पुढचे सगळे शनिवार त्याचे झाले होते.

रोरीला काय करावं ते समजेना, म्हणून त्यानं पास्ट्या वाटायला घेतल्या. ऐटीत. डावीकडनं, खुर्ची नंबर एकपासून, एकेक झर्रकन, पत्ते वाटावेत तशा. ऑर्व्हिल, थोरला, धाकटा, आर्वो, मिल्काबाई, बेव्ह. मग पिशवीत हात घातला. पिशवीत कागद होता.

त्यानं पिशवी उलटी केली. झटकली. बोटांवर मोजलं, टेबलावरचे पाच, बेव्ह सहा. स्वतःला मोजायचाच राहिला होता.

ह्या वेळी टेबलानं हवामान बघितलं नाही. मिल्काबाईंनी आर्वोकडं बघितलं, आर्वोनं जुळ्यांकडं, आणि सगळे एका दमात, अगदी रोरीच्याच आवाजात, मान वाकडी करून ओरडले, “फ्लोअर!”

पुढच्या मशिनवरची माणसं वळून बघायला लागली.

बेव्ह तोंडात घास घेऊनच उठली. “काय भानगड?”

“एक पास्टी कमी,” आर्वो म्हणाला. “डीलरची चूक. खेळणाऱ्यांचं नुकसान नाही.”

बेव्हनं भिंतीकडं बघितलं. घास गिळला. “ज्यानं आपली पास्टी राखली नाही, त्याची पास्टी मेली. टेबल पुढं चालू.”

“हा निवाडा बरोबर आहे,” रोरी म्हणाला. त्याच्या आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदाच आलं होतं. पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळे फार लांबवता आलं नाही.

तो आशेनं ऑर्व्हिलकडं वळला. म्हाताऱ्याचं मन मोठं. अर्धी देईल, निदान एक कोपरा.

ऑर्व्हिल हात धुवायला उठला होता. जाता जाता त्यानं आपली पास्टी नीट पुढ्यात सरकवली, खिशातनं ते पितळी कुलूप काढलं, आणि बरोब्बर मधोमध वर ठेवलं.